देणगी कीं मजुरी?



नाताळ जवळ येऊं लागला म्हणजे आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत एक वही बाहेर निघते. ती शब्बाथशाळेच्या हजेरीची वही. कोणत्या मुलानें वर्षांत किती रविवार भरले, किती वचनें पाठ केलीं, हें तींतून मोजलें जातें, आणि त्या हिशेबानें नाताळच्या दिवशीं मुलांस भेटी वांटल्या जातात. ही रीत इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्यांत विचार करण्यासारखें कांहीं आहे असें कोणास वाटत नाहीं. मलाही पुष्कळ वर्षें वाटलें नव्हतें. गेल्या नाताळापासून मात्र एक प्रश्न माझ्या मनाला लागून राहिला आहे. जी वस्तु आपण वागणुकीचा हिशेब करून देतों, तिला देणगी म्हणावें कीं मजुरी?

मुलांस नाताळच्या सुमारास भेटी देण्याची चाल आपल्याकडे यूरोपांतून आली. म्हणून ह्या प्रश्नाचें मूळ तिकडेच शोधलें पाहिजे.

ज्याच्या नांवानें तिकडे मुलांस भेटी मिळूं लागल्या तो निकोलस, चौथ्या शतकांत मायरा शहराचा बिशप होता. हें शहर आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याशीं आहे. बंदिवान पौलाला रोमेकडे नेत असतां वाटेंत ज्या मुर्या बंदरांत आलेक्सांद्रियाचें जहाज मिळालें असें प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतों, तेंच हें ठिकाण. निकोलसाविषयीं इतिहासास ठाऊक असलेलें फार थोडें. परंतु त्याची एक गोष्ट शेंकडों वर्षें सांगितली जात आहे. एका गृहस्थाची सांपत्तिक स्थिति बुडाली. त्याला तीन मुली होत्या. हुंड्यापुरता पैसा नाहीं म्हणून त्यांचीं लग्नें होईनात, आणि त्यांस लज्जास्पद धंद्यास लावण्याची पाळी आली. हें निकोलसाच्या कानीं आलें. त्यानें रात्रीच्या अंधारांत जाऊन त्या घराच्या खिडकींतून सोन्याची एक थैली आंत टाकली. थोरलीचें लग्न झालें. कांहीं दिवसांनीं दुसरी थैली पडली; मधलीचें झालें. तिसऱ्या खेपेस बाप जागत बसला, थैली पडतांच बाहेर धांवला, आणि देणाराला गांठून त्यानें त्याचे पाय धरले. तेव्हां निकोलसानें त्याला बजावलें कीं, ही गोष्ट कोणापाशीं बोलूं नको.

हुंड्यापायीं मुलीचा जन्म कसा अडतो हें महाराष्ट्रांतल्या वाचकांस समजावून सांगावयास नको. ह्या गोष्टींत जें नाहीं, त्याकडे मात्र मला वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. त्या मुली सद्गुणी आहेत काय, अशी चौकशी निकोलसानें केली नाहीं. बापानें पैसा कसा घालविला हें विचारलें नाहीं. अगोदर प्रार्थना म्हणून दाखवा, असेंही तो म्हणाला नाहीं. गरज आहे, एवढें त्याला पुरलें. आणि दिल्यावर आभार घेण्यास तो थांबला नाहीं. देण्यापूर्वीं परीक्षा नाहीं, आणि दिल्यावर वसुली नाहीं. देणगी ती हीच.

आतां ह्याच निकोलसाचें पुढें काय झालें तें पाहा. ६ डिसेंबर हा त्याचा स्मरणदिन. हॉलंडांत त्याच्या आदल्या सायंकाळीं, म्हणजे ५ डिसेंबरास, भेटी देतात. त्यापूर्वींचे कांहीं दिवस मुलें चुलीजवळ आपला एक जोडा ठेवितात आणि त्यांत निकोलसाच्या घोड्यासाठीं गाजर किंवा मूठभर वाळलेलें गवत घालतात. सकाळीं गाजर नाहींसें झालेलें असतें, आणि त्याच्या जागीं मिठाई सांपडते. अनोळखी पाहुण्याच्या जनावराच्या तोंडचा घांस आधीं काढून ठेवावा, ही कल्पना किती गोड आहे! लहान मूलही कांहीं देऊं शकतें, असें तींत शिकविलें आहे. परंतु त्याच निकोलसाच्या हातांत पुढें एक मोठी वही आली. तींत प्रत्येक मुलाचें बरेंवाईट लिहिलेलें असतें. तो मुलांस प्रश्न विचारतो, प्रार्थना म्हणावयास लावतो, आणि त्याच्या सोबत्यापाशीं छडी असते. जें मूल वाईट ठरेल त्याला पोत्यांत घालून दूर स्पेन देशास नेतील, असें भय पुष्कळ पिढ्यांस घालण्यांत आलें.

हा सोबती देशोदेशीं निराळा आहे. जर्मनींत रुप्रेख्त नांवाचा चाकर. आल्प्स पर्वताच्या बाजूस, ऑस्ट्रियांत, शिंगें लावलेला व सांखळ्या वाजविणारा क्राम्पुस. हॉलंडांत १८५० सालीं यान स्केंकमन नांवाच्या शिक्षकानें मुलांसाठीं चित्रांचें एक पुस्तक काढलें, त्यांत निकोलस आगबोटींतून स्पेनहून येतो आणि त्याच्यामागें एक काळा चाकर असतो. तेव्हांपासून तोंड काळें रंगवून हा चाकर सजविण्याची रूढि पडली. शिक्षा करणाराचें तोंड काळेंच कां असावें, ह्यांत काय सुचविलें जातें, तें आम्हां काळ्यासांवळ्या लोकांस लवकर कळतें. गेल्या कांहीं वर्षांत तेथील लोकांसही तें बोचूं लागलें, आणि वादविवादानंतर पुष्कळ शहरांनीं तोंड काळें करण्याची चाल टाकली आहे.

इतर देशांतही हाच प्रकार. इटलींत ५ जानेवारीच्या रात्रीं बेफाना नांवाची म्हातारी येते, ती चांगल्या मुलांच्या पायमोज्यांत मिठाई भरते आणि वाइटांच्या पायमोज्यांत कोळसा. आइसलंडांत नाताळपूर्वीं तेरा रात्री मुलें खिडकींत जोडा ठेवितात. वाईट मुलाच्या जोड्यांत सकाळीं एक बटाटा निघतो. हें सगळें थट्टेचें आहे, असें कोणी म्हणेल, आणि पुष्कळ घरीं तें थट्टेचेंच असतें. इटलींत तर आतां कोळसाही साखरेचा करतात. तरी थट्टेच्या खालीं एक शिकवण राहतेच. ती ही कीं, वरून येणारी भेट आपल्या वागणुकीची किंमत आहे.

सोळाव्या शतकांत मार्टिन ल्यूथर व त्याच्या बरोबरचे सुधारक ह्यांस ही संतभक्ति पसंत पडली नाहीं. मुलांची दृष्टि संतावरून काढून प्रभूकडे लावावी, ह्या हेतूनें त्यांनीं शिकविलें कीं, भेटी निकोलस आणीत नाहीं, ख्रिस्त आणितो. त्यामुळें भेटींचा दिवस हळूहळू नाताळाकडे सरकला. स्ट्रासबुर्ग शहरांत निकोलसाच्या दिवसाच्या सुमारास बाजार भरत असे. १५७० सालीं तो मोडून ख्रिस्तबालकाच्या नांवाचा बाजार सुरू करण्यांत आला. जर्मन घरांतील नाताळची संध्याकाळ ह्याच वळणावर तयार झाली. २४ डिसेंबरास दिवसभर एक खोली बंद असते. मुलें दाराबाहेर ताटकळत उभीं राहतात. अंधार पडल्यावर आंतून लहान घंटी वाजते, दार उघडतें, आणि समोर दिव्यांनीं लखलखणारें झाड व त्याखालीं भेटी दिसतात. देणारा कोणी दिसत नाहीं. ख्रिस्तबालक येऊन गेला, असें मुलांस सांगतात. देणारानें स्वतः झांकलेलें राहावें हा निकोलसाच्या गोष्टींतला उत्तम भाग येथें टिकला आहे.

परंतु दुसरा भाग टिकला नाहीं. फ्रांकफुर्ट येथें हाइन्रिख होफ्मान नांवाचे एक डॉक्टर होते. १८४४ सालच्या नाताळांत आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठीं ते चित्रांचें पुस्तक घ्यावयास गेले. मनासारखें एकही मिळेना, म्हणून कोरी वही आणून त्यांनीं स्वतःच चित्रें काढलीं आणि पद्यें रचिलीं. तें पुस्तक पुढल्या वर्षीं छापलें गेलें व जगभर गेलें. बापानें मुलासाठीं केलेली याहून प्रेमाची भेट कोणती असणार? आणि तरी त्याच पुस्तकाच्या आरंभीं सांगितलें आहे कीं, जीं मुलें शहाणीं असतात त्यांच्याकडे ख्रिस्तबालक येतो!

वाचकहो, येथें क्षणभर थांबूं या. मनुष्य कर्मांनीं नव्हे, तर कृपेनें, विश्वासाच्या द्वारें नीतिमान ठरतो, ह्या एका सत्यासाठीं ज्यांनीं सर्व यूरोप हालविला, त्यांच्याच घरांत मुलांच्या नाताळाला कर्मांचा नियम राहिला. मोठ्यांस व्यासपीठावरून कृपा सांगितली, आणि मुलांस दाराआड हिशेब सांगितला. देणाराचें नांव बदललें. अट बदलली नाहीं. उलट माझ्या मतें ती अधिक जड झाली. कारण पूर्वीं मुलाला नापास करणारा एक दाढीवाला म्हातारा होता. आतां त्या जागीं गोठ्यांत जन्मलेलें तें बाळ उभें राहिलें, जें पाप्यांकडेच आलें.

ह्या अटीचा सर्वांत मोठा घाव गरिबाच्या मुलावर बसतो. श्रीमंताचें खोडकर मूलही सकाळीं जोडा भरलेला पाहतें. गरिबाचें आज्ञाधारक मूल रिकामा जोडा पाहतें. चांगल्यासच मिळतें हें त्यानें खरें मानलें, तर त्यानें स्वतःविषयीं काय समजावें? बापाची कमाई कमी आहे हें त्याला कोणी सांगत नाहीं. तें समजतें कीं, आपणच कमी आहों.

हें अंतर एका मुलाला फार लवकर दिसलें होतें. अल्बर्ट श्वाइट्झर, जे १९१३ सालीं वैद्यकीय सेवेसाठीं आफ्रिकेंत लांबारेने येथें गेले, ते आल्सास प्रांतांतील ग्युन्सबाख गांवच्या पाळकाचे चिरंजीव. आपल्या बाळपणाच्या आठवणी त्यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केल्या. त्यांत ते सांगतात कीं, एकदां कुस्तींत त्यांनीं गांवांतल्या एका मोठ्या मुलाला खालीं पाडलें, तेव्हां तो मुलगा म्हणाला कीं, तुझ्यासारखें आठवड्यांतून दोनदां मांसाचें सूप मिळालें असतें तर मीही तुझ्याइतका बळकट झालों असतों. त्या दिवसापासून पाळकाच्या मुलाला तें सूप गोड लागेना. हिवाळ्यांत त्याच्यासाठीं नवा डगला शिवला, तो त्यानें घालण्याचें नाकारलें. कारण गांवच्या मुलांस तसा डगला नव्हता. बापाच्या हातचा मार खाल्ला, पण डगला घातला नाहीं. आपली शक्ति ही आपली लायकी नव्हे, आपल्याला मिळालेलें सूप आहे, हें त्या मुलाला कळलें. पुष्कळ पाळकांस हें कळावयास अर्धें आयुष्य जातें.

ह्याच पुस्तकांत नाताळच्या भेटींची एक आठवण आहे, आणि ती आमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूवर प्रकाश पाडते. देण्यापूर्वींची परीक्षा आपण पाहिली. ही दिल्यानंतरची वसुली. नाताळ व नवें वर्ष ह्यांच्यामधल्या दिवसांत एके दिवशीं वडील म्हणत कीं, आज पत्रें लिहावयाचीं. मग अल्बर्टाला वडिलांच्या अभ्यासाच्या खोलींत बसून, ज्यांनीं ज्यांनीं भेट पाठविली त्या प्रत्येक नातलगाला आभाराचें पत्र लिहावें लागे. बाहेर सोबती बर्फावर घसरगाडी खेळत असत. आधीं कच्चें लिहावयाचें, वडिलांनीं तें तपासावयाचें, मग डाग न पाडतां पक्कें लिहावयाचें. त्या दिवसांत जेवतांना त्याच्या आसवांनीं सूप खारट होई. एकदां तर नाताळच्याच दिवशीं, भेटी हातांत पडतांच, पुढें लिहावयाच्या पत्रांच्या आठवणीनें त्याला रडें आलें. मोठेपणीं ते आपल्या पुतण्याभाच्यांस भेटी पाठवीत, तेव्हां आभाराचें पत्र लिहूं नये अशी ताकीद देत.

ह्यावरून कोणी असें समजूं नये कीं, श्वाइट्झरांस कृतज्ञतेची किंमत वाटत नव्हती. त्याच पुस्तकांत ते दुःखानें कबूल करतात कीं, लहानपणीं ज्यांनीं आपल्यावर उपकार केले, त्यांचे आभार मानावयाचे पुष्कळदां राहून गेले, आणि ते लोक मरून गेल्यावर कबरेशीं उभें राहून मनांतल्या मनांत ते शब्द म्हणावे लागले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दटावून काढलेला आभार हा देणगीवरचा कर आहे. आपण होऊन आलेला आभार हें देणगीचें फळ आहे. प्रभूनें दहा कुष्ठरोग्यांस बरें केलें. एकच परत आला, आणि बाकीचे नऊ कोठें आहेत असें प्रभूनें विचारलें, कारण त्याला तें लागलें. परंतु त्या नऊ जणांचें कोड परत आलें असें शुभवर्तमानांत लिहिलेलें नाहीं. न मानलेल्या आभारांसाठीं प्रभूनें दिलेली देणगी परत घेतली नाहीं.

आतां आमच्याकडे वळूं. १८१३ सालीं मुंबईस जे अमेरिकन मिशनरी आले, ते न्यू इंग्लंडांतील मंडळ्यांचे. त्या भागांतील मॅसॅच्युसेट्समध्यें १६५९ सालीं नाताळ पाळणाराला ५ शिलिंग दंड ठरविला होता. तो कायदा १६८१ त रद्द झाला, तरी तेथें नाताळची सरकारी सुटी १८५६ पर्यंत नव्हती. स्कॉटिश मिशनची गोष्ट तीच. स्कॉटलंडांत नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ सालची. म्हणजे आमच्या वाडवडिलांना शुभवर्तमान आधीं मिळालें, आणि बाहुल्या, रंगीत चित्रें व खाऊ ह्यांच्या पेट्या परदेशच्या शब्बाथशाळांकडून पुढच्या काळांत आल्या. पेट्यांबरोबर हजेरीचा हिशेबही आला. पेट्या केव्हांच बंद झाल्या. हिशेब आम्हीं सांभाळून ठेविला.

आतां गेल्या नाताळाविषयीं सांगतों. आमच्या मंडळींतलीं पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परत येतात. आईबापांबरोबर मुलेंही जातात. त्यांतली आठ वर्षांची एक मुलगी आजीबरोबर दोन दिवसांसाठीं गांवीं आली होती. त्या सकाळीं मीं कृपेवर उपदेश केला. उपदेश बरा झाला असें लोक म्हणाले. मग मीं वही उघडली आणि नांवें वाचलीं. त्या मुलीचे रविवार भरलेले नव्हते. तिचें नांव यादींत नव्हतें. नांवें संपलीं तेव्हां ती रडली नाहीं. तिनें आजीच्या कानाशीं लागून विचारलें, "आजे, म्यां काय वाईट केलं?"

मी तेथेंच होतों. तें मीं ऐकलें, आणि वही मिटून मी पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला. दुसऱ्या दिवशीं मन खाऊं लागलें म्हणून एक बाहुली घेऊन त्यांच्या घरीं गेलों, तों दाराला कुलूप. गाडी पहांटेसच निघून गेली होती.

नियम मोडला नाहीं, हें खरें. पक्षपात केला नाहीं, हेंही खरें. परंतु त्या मुलीला एक तासापूर्वीं मीं व्यासपीठावरून जें सांगितलें होतें, तें वही हातांत घेऊन मीं खोटें पाडलें. माझा उपदेश तिला किती समजला असेल देव जाणे. माझी वही तिला पुरती समजली.

ह्या वर्षीं मीं मंडळीच्या पंचांपुढें सूचना ठेविली आहे कीं, नाताळची भेट प्रत्येक मुलाला सारखीच द्यावी, जीं मुलें ऊसतोडीच्या फडावर आहेत त्यांस ती तेथें पोहोंचवावी, आणि हजेरी व पाठांतर ह्यांचीं बक्षिसें जून महिन्यांत निराळा दिवस नेमून द्यावीं. एका वडील बंधूंनीं हरकत घेतली. ते म्हणाले, "पाळकसाहेब, न येणाराला तेंच आणि येणाराला तेंच, मग पोरं येतील कशाला?" हे बंधू तीस वर्षें शब्बाथशाळा चालवीत आले आहेत, त्यांचें बोलणें उडवून देण्यासारखें नाहीं. शिस्त पाहिजे. मेहनतीचें चीज झालें पाहिजे. कष्ट करणाराला मजुरी, आणि चढाओढींत पुढें येणाराला बक्षीस, ह्यांत कांहीं वावगें नाहीं. मजुरी बुडविणें हें तर शास्त्रांत पाप म्हटलें आहे. पण मजुरीला मजुरी म्हणावें आणि बक्षिसाला बक्षीस. रोमकरांस लिहितांना पौलानें हाच भेद केला आहे: काम करणाराला जें मिळतें तें कृपा नव्हे, तें त्याचें येणें आहे. तीं दोन्ही एका पुडक्यांत बांधलीं तर मुलांना दोहोंपैकीं एकही कळत नाहीं.

हजेरी कमी होईल काय? कदाचित् होईल. द्राक्षमळ्याच्या दाखल्यांत, शेवटच्या तासाला आलेल्यास पूर्ण नाणें मिळालेलें पाहून दिवसभर राबलेले कुरकुरले. त्यांची कुरकुर आमच्या वडील बंधूंच्या हरकतीसारखीच होती, आणि मळ्याच्या धन्यानें ती ऐकूनही आपला हात आखडला नाहीं. त्या दाखल्यावर मीं अनेकदां उपदेश केला आहे. तो आपल्या शब्बाथशाळेंत चालवून पाहण्याचें धाडस मला आजवर झालें नव्हतें.

पंचांचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. वाचकांपैकीं जे पाळक, शिक्षक व आईबाप असतील, त्यांस माझी विनंती एवढीच कीं, ह्या नाताळांत मुलाच्या हातीं वस्तु ठेवतांना, तूं चांगला वागलास म्हणून, हे शब्द आपल्या तोंडून निघतात काय तें पाहावें. निघत असतील तर ते गिळावे. मूल भाकर मागतें तेव्हां बाप त्याची वही पाहत नाहीं. तें आपलें आहे, एवढें त्याला पुरतें. स्वर्गांतील पित्यानें आम्हांस आपला पुत्र दिला तेव्हां आमची हजेरी पाहिली असती, तर आज नाताळ कोणाच्या घरीं असता?